दोन अॅम्प्लिफायर, पण क्रॉसओव्हर एकच: घरच्या स्पीकरचं बाय-अॅम्पिंग

स्पीकरच्या पाठीमागे दोनाऐवजी चार टर्मिनल दिसली की बाय-अॅम्पिंगचा (एका स्पीकरला दोन अॅम्प जोडण्याचा) किडा डोक्यात शिरतोच. वर दोन, खाली दोन, मध्ये पितळेच्या पट्ट्या. कपाटात एक जुना अॅम्प पडलेला असतो, तो काढायचा, तारा ओढायच्या आणि गाणं लावायचं. मग एक तर काहीच फरक ऐकू येत नाही, किंवा ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कायमचा गप्प होतो. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: क्रॉसओव्हर कुठे आहे आणि किती आहेत, हे न तपासता तारा जोडलेल्या असतात.

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे पाठवणारा फिल्टर. पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: प्रत्येक ड्रायव्हरकडे (म्हणजे वूफर किंवा ट्विटरकडे) जाणाऱ्या वाटेत हा फिल्टर एकदाच यायला हवा. एकदाही आला नाही तर ट्विटर जळतो. दोनदा आला तर आवाजात मधोमध खड्डा पडतो.

तीन प्रकार, आणि त्यातला खरा कोणता

बाय-वायरिंग म्हणजे एकाच अॅम्पपासून तारांच्या दोन जोड्या. यात विद्युतदृष्ट्या फारसं काही बदलत नाही, त्यामुळे ते इथेच सोडून देऊ.

पॅसिव्ह बाय-अॅम्पिंगमध्ये अॅम्प दोन होतात, पण स्पीकरच्या पोटातला क्रॉसओव्हर जागच्या जागी राहतो. दोन्ही अॅम्पना संपूर्ण संगीत मिळतं. ट्विटरच्या अॅम्पला खर्जाचा करंट द्यावा लागत नाही हे खरं, पण त्याच्या आउटपुटवरचं व्होल्टेज खर्जासकट सगळं वरखाली होतच असतं. त्यामुळे आधी ज्या आवाजाला अॅम्प क्लिप होत होता (म्हणजे त्याची ताकद संपून आवाज फाटत होता), जवळपास त्याच आवाजाला आताही होतो. थोडा फायदा मिळतो, पण त्यासाठी मुद्दाम दुसरा अॅम्प विकत घ्यावा इतका नाही. एव्ही रिसीव्हरच्या मेनूत बाय-अॅम्पचा पर्याय असतो, त्यात मागच्या रिकाम्या चॅनेलचे अॅम्प कामाला लागतात. पण वीजपुरवठा सगळ्यांचा मिळून एकच, म्हणून फायदा आणखी कमी.

अॅक्टिव्ह बाय-अॅम्पिंगमध्ये क्रॉसओव्हर अॅम्पच्या आधी, लाइन लेव्हलला (अॅम्पकडे जाणाऱ्या बारीक सिग्नलवर) बसतो आणि स्पीकरमधला काढून टाकला जातो. खरा नफा इथे आहे. समजा एका क्षणी खर्जाला २० व्होल्टचं शिखर लागतंय आणि त्याच क्षणी झांजेला आणखी २० व्होल्टचं. अॅम्प एकच असेल तर त्याला ४० व्होल्ट गाठावे लागतात. ८ ओहमवर हा १०० वॅटचा अॅम्प झाला. तेच काम दोघांत वाटलं तर प्रत्येकाला २० व्होल्ट पुरतात, म्हणजे २५-२५ वॅट. शिवाय ढोलाच्या ठोक्याला वूफरचा अॅम्प क्लिप झाला तरी ती करकर ट्विटरपर्यंत पोचत नाही. फिल्टर अॅम्पच्या आधी असला तरच हे होतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती या दोन प्रकारांची खिचडी केल्याने. बाहेर नवा अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर २००० हर्ट्झवर लावला आणि स्पीकरमधलाही तसाच ठेवला, तर क्रॉसओव्हरच्या बिंदूवर एक ६ डेसिबल कापतो, दुसरा आणखी ६. दोन्ही ड्रायव्हर १२-१२ डेसिबल खाली गेले की सगळं जुळून आलं तरी तिथे ६ डेसिबलचा खड्डा उरतो. फेज (दोघांच्या लहरींचा एकमेकींशी मेळ) बिघडली तर त्याहून खोल. गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो, आणि मग लोक केबल बदलत बसतात.

आधी मल्टिमीटर, मग स्क्रू ड्रायव्हर

स्पीकर अॅम्पपासून सोडवा, पितळेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी काढा (लाल आणि काळी, दोन्ही) आणि साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवा.

१. खालच्या जोडीवर मोजा. ८ ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतात. क्रॉसओव्हरचं कॉइल वाटेत असलं तरी आकडा फार बदलत नाही.

२. वरच्या जोडीवर मोजा. काटा क्षणभर हलून मीटर ‘अनंत’ दाखवत असेल, तर वाटेत कपॅसिटर आहे, म्हणजे आतला क्रॉसओव्हर शाबूत आहे. चार ते सहा ओहम स्थिर दिसले, तर टर्मिनल थेट ट्विटरला जोडलेली आहेत. अशा ट्विटरला संपूर्ण संगीत देणारा अॅम्प चुकूनही लावायचा नाही. जुन्या बाजारातून घेतलेल्या स्पीकरवर ही तपासणी टाळू नका. आधीच्या मालकाने आत काय उद्योग केलेत ते बाहेरून दिसत नाही.

३. वरचं काळं आणि खालचं काळं यांच्यात मोजा. बीप येता कामा नये. आली तर आत दोन्हींचं ऋण एकत्र आहे. ब्रिज पद्धतीच्या क्लास-डी अॅम्पमध्ये (स्वस्त, छोट्या अॅम्पपैकी बरेच असेच असतात) काळं टर्मिनल हे ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. असे दोन चॅनेल अशा स्पीकरला जोडले की एकाचं आउटपुट दुसऱ्याला शॉर्ट होतं.

पॅसिव्ह पद्धतीने जोडायचं असेल तर

घरात अॅम्प पडूनच असेल तर करून बघायला हरकत नाही. पट्ट्या काढल्यात ना, हे पुन्हा एकदा पाहा. पट्टी राहिली तर दोन अॅम्पची आउटपुटं एकमेकांना भिडतात आणि दोघांपैकी कमनशिबी अॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

दोन अगदी एकसारखे स्टिरिओ अॅम्प असतील तर प्रत्येक स्पीकरला एक अॅम्प द्या: डावा चॅनेल वूफरला, उजवा ट्विटरला. गेन (अॅम्प सिग्नल किती वाढवतो ते) आपोआप जुळतो आणि खर्जाचा बोजा दोन वीजपुरवठ्यांत वाटला जातो. अॅम्प वेगळे असतील तर एक दोन्ही वूफरना, दुसरा दोन्ही ट्विटरना. इथे मात्र गेन जुळवावाच लागतो. एकाचा गेन २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९ असला, तर वूफर आणि ट्विटर यांचा निर्मात्याने घातलेला समतोल सरळ ३ डेसिबलने कलतो.

गेन जुळवायची रीत: स्पीकर काढून ठेवा. दोन्ही अॅम्पना १०० हर्ट्झचा एकच स्वर द्या. ५० नको, कारण विजेची गुणगुण त्यात मिसळते. हजार नको, कारण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट काहीशे हर्ट्झच्या वर नीट मोजत नाहीत. एका अॅम्पवर सुमारे १ व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा आणि दुसरा मोजा. दोन आकड्यांचं गुणोत्तर १.०६ म्हणजे अर्धा डेसिबल, १.१२ म्हणजे एक, १.४१ म्हणजे तीन. फरक दोन टक्क्यांच्या आत आणा, म्हणजे सुमारे ०.२ डेसिबल. दोन्हींना व्हॉल्यूमची बटणं असतील तर एक पूर्ण उघडून ठेवा, दुसरं जुळवा आणि त्यावर इन्सुलेशन टेप मारून टाका. रोजचा आवाज प्रीअॅम्पवरच (अॅम्पच्या आधीच्या, आवाज ठरवणाऱ्या डब्यावरच) कमी-जास्त करायचा. एकाच कंपनीचे दोन इंटिग्रेटेड (प्रीअॅम्प आतच असलेले) अॅम्प घेऊन एकाच रिमोटने दोन्हींचा आवाज वाढवायची युक्ती काही जण करतात. चार-पाच दिवसांत दोघांची पावलं चुकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सिग्नल दुभागायला साधी वाय-केबल पुरते. ४७ किलोओहमचे दोन इनपुट समांतर जोडले की साडेतेवीस होतात, आणि कुठल्याही बऱ्या प्रीअॅम्पला ते जड नसतं.

इथे एक स्वस्त सुधारणा करता येते, आणि ती फार कमी जण करतात. ट्विटरच्या अॅम्पच्या इनपुटला, आरसीएच्या (इनपुटच्या गोल प्लगच्या) मधल्या पिनेत, १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मालेत सोल्डर करा. इनपुट ४७ किलोओहम असेल तर हा साधा हाय-पास (वरचे स्वर सोडून खालचे अडवणारा फिल्टर) सुमारे ३४० हर्ट्झवर बसतो. स्पीकरमधला क्रॉसओव्हर अडीच हजारावर असेल तर हा त्याच्या जवळजवळ तीन सप्तकं खाली राहतो, तिथली फेज आठ अंशांपेक्षा कमी हलते, म्हणून तो क्रॉसओव्हरच्या कामात ढवळाढवळ करत नाही. पण ५० हर्ट्झचा खर्ज या अॅम्पमध्ये १६ डेसिबलहून अधिक कमी होतो आणि वर सांगितलेला व्होल्टेजचा नफा अर्धामुर्धा हाती लागतो. अॅम्पच्या माहितीपत्रकात इनपुट १० किलोओहम लिहिलं असेल तर कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड घ्या. आणि तो वूफरच्या अॅम्पला लावू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सबवूफर हेही बाय-अॅम्पिंगच

स्वतःचा अॅम्प असलेला सबवूफर घरात असेल तर तुम्ही नकळत बाय-अॅम्पिंग करतच आहात, आणि तिथेही दोनदा फिल्टर लागायची चूक होते. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ ठेवलं आणि सबवूफरच्या मागचं बटणही ८० वर ठेवलं, तर ६० ते १०० च्या पट्ट्यात भोक पडतं. रिसीव्हर फिल्टर करत असेल तर सबवूफरचं बटण एलएफई वर (म्हणजे त्याचा स्वतःचा फिल्टर वगळणाऱ्या खुणेवर) किंवा शेवटच्या टोकाला न्या. रिसीव्हर नसेल आणि मुख्य स्पीकर पूर्ण खर्जासकट वाजत असतील, तर मात्र सबवूफरचंच बटण वापरायचं, आणि तेही मुख्य स्पीकर जिथे आपोआप उतरायला लागतात तिथे. ज्यांना स्पीकर उघडायचे नाहीत त्यांनी इथेच थांबावं. मुख्य अॅम्पवरून ८० च्या खालचा खर्ज उतरवणं हा घरगुती बाय-अॅम्पिंगमधला सगळ्यात सोपा आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त ऐकू येणारा भाग आहे.

अॅक्टिव्ह: काय काय लागतं

पहिल्या प्रयोगाला महागडे स्पीकर घेऊ नका. स्पीकरमधला क्रॉसओव्हर फक्त स्वर वेगळे करत नाही. तो ट्विटरचा आवाज वूफरच्या पातळीला आणतो, खोक्याच्या रुंदीमुळे पडणारी खर्जाची तूट भरून काढतो, एखाद्या ड्रायव्हरचा खडा स्वर दाबतो. तो काढला की ही सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतात. जुने, वॉरंटी संपलेले किंवा किटमधून बांधलेले दोन-मार्गी स्पीकर उत्तम. खालची उदाहरणं साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्विटर आणि २० सेंटिमीटर रुंद खोकं धरून दिली आहेत.

क्रॉसओव्हरसाठी सोपा मार्ग डीएसपीचा, म्हणजे सिग्नलवर डिजिटल पद्धतीने काम करणाऱ्या डब्याचा. मिनीडीएसपी २×४ एचडीसारख्या डब्याला दोन इनपुट, चार आउटपुट असतात, आरसीए जोडता येतात आणि डिले, इक्वलायझर सगळं त्यातच असतं. बेहरिंगरचा डीसीएक्स२४९६ हा स्टेजसाठीचा डबा सहा आउटपुट देतो. पण त्याची पातळी स्टेजच्या हिशोबाची असते, त्यामुळे घरच्या अॅम्पला जोडल्यावर सूसू आवाज जास्त येतो. गणपतीनंतर डेकोरेटरकडचे जुने क्रॉसओव्हर स्वस्तात मिळाले तरी हे ध्यानात ठेवा.

डीएसपी नको असेल तर एनई५५३२ या आयसीवर अॅनालॉग पाटी स्वतः बनवता येते. २००० हर्ट्झसाठी १० नॅनोफॅरड आणि ५.६ किलोओहम. लो-पासच्या प्रत्येक टप्प्यात दोन ५.६ किलोओहम रेझिस्टर मालेत. आउटपुटकडून परत येणाऱ्या जागी २० नॅनोफॅरड (दोन दहाचे समांतर), जमिनीकडे (म्हणजे ग्राउंडला) १०. हाय-पासला उलट: दोन १० नॅनोफॅरड मालेत, आउटपुटकडून ५.६ किलोओहम, जमिनीकडे ११.२ (दोन मालेत). असे दोन टप्पे एकामागून एक लावले की सप्तकाला २४ डेसिबल उतार मिळतो. रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म, कपॅसिटर मात्र मूठभर आणून मीटरवर मोजून जोड्या लावा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं साहित्य मिळतं. अॅनालॉगची अडचण एवढीच की डिले आणि दुरुस्त्या करायला प्रत्येक वेळी सोल्डरिंग आयर्न तापवावं लागतं.

अॅम्पचे चार चॅनेल हवेत. वूफरला ६० ते १०० वॅट, ट्विटरला २० ते ३० वॅट भरपूर. ट्विटरचा अॅम्प ताकदवान असण्यापेक्षा शांत असणं महत्त्वाचं. आणि मोजमापासाठी यूएसबी माइक, कॅलिब्रेशन फाइलसकट.

कुठे कापायचं, कसं कापायचं

वारंवारता दोन्ही बाजूंनी दाबत आणायची. ट्विटरच्या डेटाशीटमध्ये त्याची रेझोनन्स वारंवारता (जिथे तो आपसूक सगळ्यात जास्त थरथरतो ती) दिलेली असते. २४ डेसिबलच्या उताराला तिच्या किमान दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर राहा. १२ डेसिबलच्या उताराला अडीच ते तीन पट. रेझोनन्स ८०० असेल तर अनुक्रमे १६०० आणि २००० ते २४००. वूफरच्या बाजूने पाहिलं, तर ध्वनीची लहर शंकूच्या व्यासाएवढी झाली की आवाज सर्चलाइटसारखा एका दिशेला जाऊ लागतो. साडेसहा इंची वूफरचा खरा हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटर, आणि त्या लांबीची लहर २६०० हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे आपल्या उदाहरणात जागा ठरली: २००० ते २२००.

आकार लिंकविट्झ-रायली, चौथ्या श्रेणीचा, २४ डेसिबल. हा झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. तेव्हा ते आणि रस रायली दोघेही ह्युलेट-पॅकार्डमध्ये अभियंते होते. यात दोन्ही बाजू क्रॉसओव्हरच्या बिंदूला ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणून बेरीज सपाट येते. त्याच उताराच्या बटरवर्थ फिल्टरमध्ये त्या ३ डेसिबलच खाली असतात, आणि बेरजेत ३ डेसिबलची टेकडी उभी राहते. डीएसपीच्या यादीत दोन्ही नावं शेजारी असतात. घाईत चुकीचं निवडलं जातं. लिंकविट्झ-रायली १२ डेसिबलचा घेतलात तर ट्विटरची पोलॅरिटी (धन-ऋण) उलटी करावी लागते, २४ ला नाही.

मात्र डीएसपीमध्ये २४ लिहिलं म्हणजे हवेत २४ मिळालं असं नाही. ड्रायव्हरचा स्वतःचाही उतार असतो आणि तो फिल्टरमध्ये मिसळतो. ट्विटर १००० हर्ट्झच्या खाली आपणहून उतरत असेल, वूफर ३५०० ला एक उसळी घेऊन कोसळत असेल, तर कागदावरचा फिल्टर आणि माइकने पाहिलेला वक्र यांत मोठी तफावत दिसते. अॅक्टिव्ह बाय-अॅम्पिंग करणारे निम्मे लोक याच ठिकाणी ‘आवाज पूर्वीपेक्षा वाईट झाला’ म्हणून सोडून देतात. उपाय असा: आधी प्रत्येक ड्रायव्हर क्रॉसओव्हरच्या एक सप्तक पलीकडेपर्यंत इक्वलायझरने सपाट करा आणि मग २४ चा फिल्टर लावा. किंवा १२ चा फिल्टर घेऊन ड्रायव्हरचा उतार धरून मोजलेला वक्र २४ च्या रेषेवर बसतो का ते पाहा. मोजलेली रेषा खरी, स्क्रीनवरचा आकडा नाही.

पहिल्यांदा वीज चालू करण्याआधी

ट्विटर थेट अॅम्पला लागणार आहे, मध्ये कसलंही संरक्षण नाही. म्हणून त्याच्या मालेत एक कपॅसिटर कायम ठेवा. ६ ओहमच्या ट्विटरला ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट, नॉन-पोलर. हा ५६० हर्ट्झच्या आसपास बसतो. २००० ला फक्त एक तृतीयांश डेसिबल कापतो आणि फेज सुमारे १६ अंश हलवतो, तेवढं मोजमापात धरलं जातं. अॅम्पच्या डीसीपासून आणि चालू-बंद करतानाच्या धक्क्यापासून तो ट्विटर वाचवतो. शुद्धतेच्या नावाखाली हा काढून टाकणारे पुष्कळ आहेत. नवख्यांनी काढू नये.

१. काहीही न जोडता अॅम्पच्या प्रत्येक आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. २०-३० मिलिव्होल्टपर्यंत ठीक. १०० दिसले तर तो अॅम्प आधी दुरुस्तीला.

२. डीएसपीमध्ये सगळ्या प्रीसेटच्या जागा याच क्रॉसओव्हरने भरा. रिकाम्या प्रीसेटमध्ये फिल्टर नसतो, आणि रिमोटचं चुकीचं बटण दाबलं गेलं की संपूर्ण खर्ज ट्विटरवर येतो.

३. तारांना दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा: खर्जाला एक रंग, तारस्वरांना दुसरा. वूफर-ट्विटरच्या तारांची अदलाबदल हा ट्विटर जाण्याचा सगळ्यात साधा मार्ग. चार पिनांचा स्पीकॉन (फिरवून बसवायचा स्पीकरचा प्लग) वापरलात तर १ नंबरची जोडी वूफरला आणि २ नंबरची ट्विटरला, ही रूढ पद्धत पाळा. मग उलटं लावताच येत नाही.

४. ट्विटरच्या तारेला आधी एखादा मोडका, पण वाजणारा छोटा स्पीकर लावा. मंद आवाजात १०० हर्ट्झचा स्वर द्या: काही ऐकू येता कामा नये. मग ५००० द्या: ऐकू यायला हवं. वूफरच्या तारेला उलट. हे जमलं की मगच खरा ट्विटर.

चालू करताना आधी डीएसपी, शेवटी अॅम्प. बंद करताना आधी अॅम्प. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि तेव्हा हा क्रम पाळायला कुणी थांबत नाही: डीएसपी आधी मरतो, अॅम्पच्या कपॅसिटरमध्ये मात्र अजून जीव असतो आणि ट्विटरवर फट्‌ असा आवाज येतो. डीएसपी १२ व्होल्टवर चालत असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्याला लावा. वीज गेली की अॅम्पची बटणं बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, नाहीतर परत येताना दोन्ही एकदम चालू होतात.

मोजणं आणि जुळवणं

आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे मोजमापाचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. स्पीकर खोलीच्या मधोमध, ट्विटर जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, माइक त्याच्याच उंचीवर १ मीटर समोर. जमिनीवरून उसळलेला आवाज सुमारे ३ मिलिसेकंदांनी पोचतो. त्याच्या आधी खिडकी कापा, म्हणजे सॉफ्टवेअरला फक्त तेवढाच वेळ धरायला सांगा. अशा मापात सव्वातीनशे हर्ट्झच्या खालचं काही खरं मानायचं नाही, पण क्रॉसओव्हर त्याच्या बराच वर आहे. यूएसबी माइक असेल तर ‘अकूस्टिक टायमिंग रेफरन्स’ चालू करा आणि दुसरा स्पीकर संदर्भासाठी जागेवर ठेवा, नाहीतर वूफर आणि ट्विटर यांच्यातला वेळेचा फरक कळणारच नाही. ट्विटरचा स्वीप (खालून वर चढत जाणारा मापाचा स्वर) ५०० च्या खालून सुरू करू नका, आणि हळू आवाजात.

पहिलं काम पातळीचं. वूफर ८७ डेसिबलचा आणि ट्विटर ९१ चा, म्हणजे ४ डेसिबलचा फरक. पण एवढंच नाही. खोक्याची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली (११५ भागिले मीटरमधली रुंदी) आवाज समोर न जाता खोक्याला वळसा घालून मागेही पसरतो. तत्त्वतः तूट ६ डेसिबल, भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरला ३ ते ४. ती खर्ज वाढवून भरू नका, डीएसपी आतल्या आत क्लिप होईल. वूफरच्या चॅनेलवर ५७५ च्या वरचा भाग शेल्फ फिल्टरने ४ डेसिबल खाली आणा. आता ट्विटरही त्याच्याबरोबर खाली यायला हवा: ४ अधिक ४, एकूण ८. ट्विटर ८ डेसिबल कमी करायचा म्हटल्यावर लोक बिचकतात आणि निम्म्यावर थांबतात. मग स्पीकर कर्कश वाजतो आणि दोष अॅम्पला दिला जातो.

दुसरं काम वेळेचं. वूफरचं ध्वनिकेंद्र ट्विटरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मागे असतं. २५ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.०७३ मिलिसेकंद; किरकोळ वाटतं, पण २००० हर्ट्झची लहरच १७ सेंटिमीटरची, त्यामुळे हा फरक ५० अंशांहून जास्त होतो. डिले ट्विटरला द्यायचा, वूफरला नाही. नेमका आकडा असा शोधा: ट्विटरची पोलॅरिटी डीएसपीमध्ये उलटी करा, दोन्ही एकत्र वाजवून मोजा. २००० ला खोल दरी दिसली पाहिजे. डिले ०.०१ मिलिसेकंदाने पुढे-मागे करत ती दरी जास्तीत जास्त खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखी करा. २० डेसिबलपेक्षा खोल गेली की पोलॅरिटी सरळ करा; बेरीज सपाट आलेली दिसेल. सरळ पोलॅरिटीत दरी आणि उलट्यात सपाट असं दिसलं, तर कुठेतरी तार उलटी आहे. वूफरची तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धन टोक लाल टर्मिनलला लावलं की शंकू बाहेर यायला हवा. ट्विटरवर सेल लावू नका. त्याचं धन टोक खुणेवरून ओळखा.

माइक ऐकायच्या जागी नेऊन सगळं पुन्हा सपाट करायचा मोह आवरा. तिथे खोली मोजली जाते, क्रॉसओव्हर नाही.

सूसू आणि गुणगुण

ट्विटरला कान लावल्यावर सूसू ऐकू येणं स्वाभाविक. सोफ्यावरून ऐकू आली तर दुरुस्ती हवी. आधी हा आवाज स्पीकरमधल्या रेझिस्टरमध्ये विरत होता, आता वाटेत काहीच नाही. डीएसपीमध्ये ट्विटर ८ डेसिबल कमी केल्याने संगीत कमी होतं, डीएसपीची स्वतःची सूसू तेवढीच राहते. म्हणून ती कपात अॅम्पच्या इनपुटला करा: ६.८ किलोओहम मालेत, ३.३ किलोओहम जमिनीकडे, सुमारे १० डेसिबल. मग डीएसपीमध्ये ट्विटरची कपात काढून टाका आणि उरलेले २ डेसिबल वूफरवरून कमी करा.

गुणगुण बहुतेक अर्थिंगच्या वेटोळ्याची असते: तीन पिनांचे दोन अॅम्प दोन वेगळ्या सॉकेटवर, आणि मध्ये आरसीए. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आरसीए केबल एकत्र बांधा, विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. तरी राहिली तर आरसीएच्या वाटेत लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण थांबते, पण अॅम्पमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या खोक्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. ते करू नका. एकाच बोर्डवर घेऊनही बाकीच्या उपकरणांना हात लावताना झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंगच गेलेलं आहे, स्पीकर बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.